पलटणीकडे परतीची एकोणपन्नास वर्षे

दरवर्षी १ जानेवारीला पुण्याहून नगर रस्त्याने माणसांची रीघ लागते. भीमेच्या काठी, कोरेगावच्या स्तंभापाशी भाषणे होतात. ती बहुतेक १८१८ सालाची असतात. शिरूरहून रात्रभर चालत आलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी, समोर पेशव्यांची अफाट फौज, दिवसभराची झुंज. मग सांगितले जाते की १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब इथे आले होते. पण या दोन तारखांच्या मधली शंभरसव्वाशे वर्षे कुठे गेली, हे कोणी विचारीत नाही. मी गेली काही वर्षे पुण्यात मुलांना इतिहास शिकवितो. वर्गात दरवेळी एकच प्रश्न येतो: कोरेगाव ही गुलामीविरुद्धची क्रांती की परक्यांची चाकरी? प्रश्न विचारणारा कोणत्या घरातून आला आहे त्यावर प्रश्नाचा सूर बदलतो, एवढेच. २०१८ साली त्या लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा याच प्रश्नावरून इथे दगड उचलले गेले, एक जीव गेला. माझे म्हणणे असे की हा प्रश्न १८१८ मध्ये उभे राहून सुटणारा नाही. तो सोडवायचा तर १८९२ मध्ये उभे राहावे लागेल.

स्तंभावर लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही महारांची नावे. मुंबई इलाख्याच्या लष्करात महारांची भरती कोरेगावच्या आधीपासून होती आणि नंतरही ती वाढतच गेली. लष्करी कागदांत त्यांना 'परवारी' म्हणत. बंगालच्या लष्करात उच्च जातींचा भरणा असे. मुंबईच्या लष्करात तशी निवड नव्हती. एकाच कंपनीत मराठा, मुसलमान, ब्राह्मण, महार असत. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होई तो इथे नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार होई आणि त्याच्या हुकुमावर सवर्ण शिपायाला सलाम ठोकावा लागे. बराकीतही जात होतीच, हे मी विसरत नाही. पण कवायतीच्या मैदानावर ती हुकुमाआड येऊ शकत नव्हती. हिंदुस्थानात त्या काळी असे दुसरे मैदान नव्हते.

शिवाय पलटणीबरोबर शाळा होती. शिपायाच्या मुलांना तिथे शिकावेच लागे. बाबासाहेबांचे वडील रामजी मालोजी सकपाळ पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते, असे चरित्रकार लिहितात. ते सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला तो याच नोकरीमुळे. रोख पगार, पेन्शन, वाचता येणारी मुले आणि 'सुभेदार' ही हाक. महारवाड्यातल्या माणसाला यांपैकी एकही गोष्ट वतनातून मिळालेली नव्हती. वतन म्हणजे मेलेली ढोरे ओढणे, सरकारी टपाल घेऊन पुढच्या गावापर्यंत धावणे, आणि संध्याकाळी भाकरी मागत फिरणे. पलटण हा या वतनातून बाहेर पडण्याचा एकमेव सरकारी रस्ता होता.

तो रस्ता १८९२-९३ च्या सुमारास बंद झाला.

तो लढाई हरल्यामुळे बंद झाला नाही, किंवा महार शिपायांनी बंड केले म्हणूनही नाही. तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांचे ठाम मत होते की दक्षिणेकडचे लोक सुखाने नरम झाले आहेत आणि लढण्याची रग आता वायव्येकडच्या जमातींत, शिखांत, गुरख्यांत, पठाणांत उरली आहे. यातूनच 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत लष्कराचे धोरण झाला. मिश्र पलटणींच्या जागी जातवार कंपन्या आणि जातवार पलटणी आल्या. आता महारांसाठी जातवार कंपनी काढली नाही की काम झाले; बंदीचा वेगळा जाहीरनामा काढण्याची गरज उरत नाही. उच्च जातींच्या शिपायांना अस्पृश्य अंमलदाराच्या हाताखाली राहणे खुपत होते, तेही परस्पर मिटले. गावाला जे शतकानुशतके जमले होते ते लष्कराला आता नियमाच्या भाषेत करता आले. जे नोकरीत होते त्यांनी मुदत भरून पेन्शन घ्यावी. त्यांच्या मुलांनी भरतीच्या मेजाकडे फिरकू नये.

'नरम झाले' या शब्दांकडे जरा थांबून पाहू. शरीर आणि जात यांची गाठ इथे कशी मारली जाते ते पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. लहुजी मातंग समाजाचे. त्यांचे वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध, पेशव्यांच्या बाजूने लढताना पडले असे परंपरा सांगते. म्हणजे दोन महिन्यांच्या आत, पुण्याच्या दोन बाजूंना, दोन अस्पृश्य जातींची माणसे दोन वेगवेगळ्या झेंड्यांखाली मरत होती. जे कोरेगावच्या महारांना 'देशद्रोही' म्हणतात त्यांनी खडकीच्या मातंगाला देशभक्तीचे काय बक्षीस दिले, हेही एकदा सांगावे. असो. मुद्दा असा की ताकद तालमीत कमावली जाते, कवायतीत टिकते आणि उपासमारीत जाते. ती रक्तातून येत नाही. ज्या जमातीला तुम्ही कवायतीच्या मैदानावरून काढून शिळ्या तुकड्यांवर परत पाठवता, तिची मुले वीस वर्षांनी छाती मोजायला आणता आणि ती भरत नाही म्हणून सिद्धांत खरा ठरला असे म्हणता, ते शास्त्र नव्हे.

दरवाजा बंद झाला आणि बाहेर कोण उभे राहिले? पेन्शनर. ही माणसे वाचू-लिहू शकत होती, अर्ज कसा करायचा हे त्यांना ठाऊक होते, आणि सरकार म्हणजे काय हे त्यांनी आतून पाहिले होते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या दलित चळवळीची पहिली पिढी याच पेन्शनरांनी घडविली आणि तिची पहिली लेखी मागणी 'आम्हांला परत घ्या' ही होती. मंदिर, पाणवठा, कौन्सिलातल्या जागा हे सर्व तिच्या नंतरचे.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दापोलीत त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' काढली, 'विटाळ विध्वंसन' लिहिले. १८९४ साली त्यांनी मुंबईच्या सेनापतींना उद्देशून भरती पुन्हा सुरू करण्याविषयी विनंतीअर्ज तयार केला. सुभेदार रामजी यांनीही या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. वलंगकरांच्या अर्जाचा युक्तिवाद आज वाचताना अवघड वाटतो. महार हे मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या भयंकर दुष्काळात त्यांनी नाइलाजाने निषिद्ध अन्न खाल्ले आणि त्यामुळे त्यांना खालची पायरी मिळाली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या मापाने आपल्याला नाकारले तेच माप हातात घेऊन आपण त्यात भरतो असे सांगणे. विटाळाचे शास्त्र ठिकठिकाणी फोडणारा हा माणूस सरकारच्या दारात मात्र वर्णाचा दाखला पुढे करतो. मी याचा दोष वलंगकरांना देत नाही. सरकारला दुसरी भाषा कळत नव्हती. पण त्या भाषेत उत्तर मिळाले नाही, हेही खरे.

यानंतरचा माणूस पुण्याचा आहे, आणि पुण्याने त्याला पुरेसे लक्षात ठेवलेले नाही. शिवराम जानबा कांबळे, जन्म १८७५. इंग्रज साहेबांकडे बटलरची नोकरी करता करता ते शिकले. स्वतः पलटणीत नव्हते. भरतीच्या वयाला आले तेव्हाच दरवाजा बंद झालेला. १९०३ साली त्यांनी सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज केला. १९०८ च्या जुलैत 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. मुरळीच्या प्रथेविरुद्ध त्यातून मोठी मोहीम चालविली. १९१० मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरवून भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे त्यांनी अर्ज पाठविला. मागणी किती लहान होती पाहा: सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा, लष्करात शिपायाची जागा.

मागणी लहान, पण युक्तिवाद बदललेला. इथे सगळा भर दुष्काळात गेलेल्या क्षत्रियत्वावर नाही. आम्ही या देशाचे रहिवासी आहोत, देशात जी नवी जाग आली आहे तीत आमचाही वाटा आहे, जन्मावरून माणूस कमी ठरत नाही आणि सरकारने तसे ठरविता कामा नये, असा सूर आहे. सोळा वर्षांत आपण विनवणीपासून हक्काच्या उंबरठ्यापर्यंत आलो. अजून हात जोडलेले आहेत, भाषा 'मायबाप सरकार'चीच आहे, पण आधार बदलला. आपल्या विचाराच्या इतिहासात हा बदल कोणत्या वर्षी, कोणाच्या हातून झाला असे कोणी विचारले तर मी निःशंकपणे पुण्याच्या या बटलरचे नाव घेईन.

सिद्धांत मोडला तो अर्जांनी नव्हे, युद्धाने. १९१४ चे महायुद्ध लांबले, माणसे कमी पडू लागली, आणि १९१७ साली '१११ वी महार' ही पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षे जे लढाऊ नव्हते ते एका हुकुमासरशी लढाऊ झाले. युद्ध संपले, गरज संपली. १९२० मध्ये एक बटालियन ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली गेली आणि १९२१ मध्ये उरलेलीही मोडली. चार वर्षांत भरती आणि छुट्टी.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९२७ ची कोरेगावची सभा वेगळी दिसू लागते. ती भरविण्यात पुढाकार शिवराम जानबा कांबळे यांचा होता, आणि पलटण मोडून सहा वर्षेही झाली नव्हती. तिथे बाबासाहेब बोलले ते काय? आपल्या शेकडो माणसांनी ज्या इंग्रजांसाठी रक्त सांडले त्यांनीच कृतघ्नपणे आपल्याला 'बिनलढाऊ' ठरविले, याविरुद्ध सरकारशी झगडले पाहिजे. म्हणजे स्तंभाखालची ती सभा इंग्रजांची आरती नव्हती, ते इंग्रजांविरुद्धचे गाऱ्हाणे होते. ज्या दगडावर सरकारने आपला विजय कोरला त्याच दगडावर बोट ठेवून सरकारला जाब विचारलेला होता. पुढच्या मार्चमध्ये महाड झाले, त्याच्या व्यवस्थेतही निवृत्त शिपायांचा हात होता. आणि १९२९ मध्ये याच शिवराम जानबांनी पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह केला. अर्ज करणारा माणूस एकोणीस वर्षांनी दार ठोठावीत टेकडी चढला.

'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताला खरे उत्तर बाबासाहेबांनी १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये दिले. पाकिस्तानच्या चर्चेत दडल्यामुळे हे प्रकरण आपले कार्यकर्ते फारसे वाचत नाहीत. हिंदी लष्करात कोणत्या प्रांताचे, कोणत्या धर्माचे किती लोक कसकसे वाढत गेले ते तिथे त्यांनी आकड्यांनी मांडले. वायव्येकडचे लोक अंगच्या गुणाने निवडले गेले, हे त्यांनी मान्य केले नाही. १८५७ च्या बंडात ज्यांनी इंग्रजांना हात दिला त्यांना लष्करात जागा मिळाल्या, ज्यांच्या मुलखात बंड झाले त्यांच्या गेल्या; आणि या राजकीय देवघेवीला पुढे 'लढाऊपणा'चे शास्त्र चिकटविले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शौर्य ही कोणा जमातीची जन्मजात मालमत्ता नाही.

आणि तरीही १९४१ मध्ये त्यांनी मागितली ती महार रेजिमेंट. जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली, त्या जागेचा उपयोग करून त्यांनी दबाव आणला आणि तरुणांना भरती होण्याचे आवाहन केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. १९४२ मध्ये आणखी दोन. इथे विद्यार्थी मला अडवतात, आणि बरोबरच अडवतात. 'जातिनिर्मूलन' १९३६ चे. पाच वर्षांनी त्याच लेखकाने जातीच्या नावाची पलटण कशी मागितली? मला वाटते उत्तर साधे आहे, पण गोड नाही. १८९२ नंतर त्या वाड्याला जातवार दारांखेरीज दुसरे दारच ठेवले नव्हते. मिश्र पलटण मागणे म्हणजे प्रत्यक्षात काहीच न मागणे. मुंबई लष्करातली एकत्र कवायत, एकत्र बढती इंग्रजांनीच मोडून टाकली होती. जो समाज एकदा मिश्र पलटणीत सुभेदार झाला होता त्याला परत आत येण्यासाठी स्वतःच्या जातीचा फलक हातात धरावा लागला. ही त्या धोरणाची सर्वांत मोठी क्रूरता मी समजतो.

अमेरिकेतल्या काळ्या शिपायांचा इतिहास याला जवळचा आहे. कायम लष्करात त्यांच्या वेगळ्या पलटणी १८६६ पासून होत्या, दोन्ही महायुद्धांत ते वेगळेच लढले. १९४२ मध्ये तिथल्या काळ्या वृत्तपत्रांनी दुहेरी विजयाची घोषणा दिली: बाहेर फॅसिझमवर, घरात वर्णद्वेषावर. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हुकुमाने वेगळेपणा संपविण्यास सुरुवात झाली. त्यांना वेगळेपणातून बाहेर यायचे होते. आपल्याला आधी बाहेरून वेगळेपणात यायचे होते. घरचे उदाहरण हवे तर चमार रेजिमेंट घ्या: १९४३ मध्ये उभी राहिली, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढली, १९४६ मध्ये मोडली. पुन्हा तीच गोष्ट, गरज सरो वैद्य मरो.

आता परत येण्याची किंमत. एवढ्या वर्षांच्या खंडानंतर पलटण उभी करणे म्हणजे काय, याचा विचार आपल्याकडे झालेला नाही. शरीराचे समजू शकते. अठरा-वीस वर्षांचा पोरगा पोटभर अन्न, रोजची दौड आणि कवायत मिळाली की काही महिन्यांत उभा राहतो. पण सुभेदार काही महिन्यांत तयार होत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षांची सलग नोकरी लागते, खाली शिपाई आणि वर साहेब यांच्यामध्ये उभे राहण्याची सवय लागते, आणि ती एका पिढीने दुसरीला द्यावी लागते. ही साखळी १८९२ मध्ये तुटली, १९१७ मध्ये जोडू घातली, १९२१ मध्ये पुन्हा तोडली. १९१७ चा विशीतला शिपाई १९४१ मध्ये चाळिशी ओलांडलेला होता. म्हणून पहिल्या बटालियनचे सुभेदार मेजर शेख हस्नुद्दीन होते, दुसरीचे भोलाजी रांजणे, पंचविसावीचे लाडकोजीराव भोसले. कमांडर तर इंग्रजच, पहिलीचे जॅक्सन आणि दुसरीचे किर्वान. या अंमलदारांच्या कर्तबगारीबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी फक्त नावे वाचतो. ज्या समाजाने एके काळी सवर्णांच्या कंपन्यांना सुभेदार पुरविले, त्याच्या नावाच्या पलटणीला सुभेदार मेजर दुसरीकडून आणावे लागले, असेच ही नावे सुचवितात. भरतीबंदीने नोकऱ्या घेतल्या हे सर्वांना दिसते. तिने पायऱ्या घेतल्या हे दिसत नाही. राखीव जागा भरल्या जात नाहीत, 'लायक उमेदवार नाही' असा शेरा मारला जातो, तेव्हा मला नेहमी १९४१ ची ती यादी आठवते.

पलटण टिकली. दुसरी बटालियन ब्रह्मदेशात गेली, पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर राहिली. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केले. १९४७ च्या फाळणीत तिच्या बटालियन्स पंजाब सीमादलात होत्या, निर्वासितांचे काफिले त्यांनी सांभाळून नेले. ज्यांच्या सावलीला हे लोक विटत असत अशा कित्येकांचे जीव त्या प्रवासात महार शिपायाच्या बंदुकीने राखले असतील. टोपीवरच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता, स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. केंद्र पुढे मध्यप्रदेशात सागरला गेले. आज या रेजिमेंटमध्ये सर्व प्रांतांचे, सर्व जातिधर्मांचे जवान असतात. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीरचक्र मिळाले, ते आठव्या महार बटालियनचे, आणि तमिळ. म्हणजे १८९२ पूर्वीची मिश्र पलटण जातीच्या नावाखालीच परत आली. आणि ज्यांचे ते नाव, त्यांतल्या बहुसंख्यांनी १९५६ नंतर ते टाकून दिले. घरी बौद्ध आणि खांद्यावर 'महार', असा जवान सुटीवर विहारात वंदना घेतो तेव्हा त्याला यात विसंगती वाटत नाही. आम्हां लिहिणाऱ्यांनाच वाटते.

या इतिहासाचा मोठा भाग अजून छापील पुस्तकांत नाही. ह. ना. नवलकर यांनी १९३० मध्ये शिवराम जानबांचे इंग्रजी चरित्र लिहिले, त्यामुळे निदान अर्ज वाचायला मिळतात. १९१७ च्या पलटणीबद्दल तेवढेही सहज हाती लागत नाही. पण कोकणात, साताऱ्याकडे, नगर-पुण्याच्या वस्त्यांत आणि खडकी-देहूरोडच्या छावणीलगत अजून घरे आहेत, जिथे पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे डिस्चार्जचे कागद, पेन्शनबुक, एखादे पदक ठेवलेले असते. तरुण कार्यकर्त्यांनी एक काम करावे: ते कागद मागू नयेत, तिथेच बसून उतरवून घ्यावेत. नाव, गाव, भरतीचे साल, सुटीचे साल, हुद्दा. भरतीच्या नोंदीत उंची आणि छातीचे माप सापडले तर तेही लिहावे.